सांधा न दिसणारी नक्षी: इंकस्केपमध्ये रिपीट पॅटर्न कसा तयार करावा

साडीच्या अंगभर पसरलेल्या बुट्ट्या असोत, भेटवस्तूचा कागद असो किंवा भिंतीवरचा वॉलपेपर, चित्रकाराने प्रत्यक्ष काढलेला असतो तो एक चौकोनी तुकडाच. तोच तुकडा शेजारी आणि खाली लावत गेल्यावर सलग नक्षी उभी राहते. या तुकड्याला टाइल आणि त्याच्या आवर्तनाला रिपीट म्हणतात. नवशिक्यांचे गाडे सहसा चित्र काढण्यापाशी अडत नाही, ते अडते टाइलच्या कडेपाशी. डाव्या कडेवर अर्धी कापली गेलेली पाकळी उजव्या कडेवर नेमक्या त्याच उंचीवर पुरी झाली नाही, तर दहा हातांवरून पाहणाऱ्यालाही तेथे जोड दिसतो, आणि एकदा दिसला की बाकीची नक्षी कितीही सुबक असली तरी नजर त्या जोडावरच जाते. तेव्हा पहिला नियम असा की सांधा आकड्यांनी जुळवायचा असतो, अंदाजाने नाही. डोळ्याचे काम पुढे आहे आणि ते वेगळे आहे.

या लेखात इंकस्केप हे रेखाचित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर गृहीत धरले आहे. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि २००३ पासून जगभरचे स्वयंसेवक त्याचा विकास करीत आले आहेत. येथील सूचना १.० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहेत. आवृत्तीचा उल्लेख मुद्दाम करावा लागतो, कारण मे २०२० मध्ये आलेल्या १.० पासून इंकस्केपमध्ये उभे अंतर वरून खाली मोजले जाते, त्याआधी ते खालून वर मोजले जाई. जुने व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची टाइल खाली सरकण्याऐवजी वर पळते, ती बहुधा यामुळेच.

सरावासाठी एक साधी नक्षी घेऊ. चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध कोयरी, आणि त्यांच्या दरम्यान लहान फुले. बुट्ट्यांची ही मांडणी आपल्या पाहण्यातली आहे, आणि कड ओलांडण्याचे सगळे प्रकार तिच्यात आपोआप येतात.

टाइलची पाटी कोरी करणे

फाइल मेनूतून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडावे, एकक पिक्सेल निवडावे आणि रुंदी व उंची दोन्ही ६०० ठेवावी. मग आयताचे साधन घेऊन कोणताही आयत काढावा, निवडीच्या बाणावर परत यावे आणि वरच्या पट्टीतील चौकटींत आकडे भरावेत: एक्स ०, वाय ०, रुंदी ६००, उंची ६००. या चौकटींशेजारचे एककही पिक्सेलच आहे ना, हे आधी पाहावे. तेथे मिलिमीटर राहिले असेल, तर कागदाच्या कितीतरी पट मोठा आयत पडद्यावर पसरतो. हा आयत म्हणजे आपली पार्श्वभूमी. त्याला हवा तो रंग द्यावा, पण बाह्यरेषा मात्र पूर्णपणे काढून टाकावी. दोन पिक्सेलची बाह्यरेषा राहिली, तर इंकस्केप आयताची रुंदी ६०२ मोजते, कारण रेषेची अर्धी जाडी आकाराच्या बाहेर पडते. टाइल लावताना ते दोन पिक्सेल प्रत्येक जोडावर रेघ होऊन उमटतात.

प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या विभागात बाउंडिंग बॉक्सचे, म्हणजे आकाराभोवतीच्या मोजमापाच्या चौकटीचे, दोन पर्याय असतात, व्हिज्युअल आणि जॉमेट्रिक. मुळात व्हिज्युअल निवडलेला असतो आणि तो तसाच राहू द्यावा. पुढे आपण टाइल कातरणार आहोत, आणि कातरलेल्या आकाराचे खरे माप व्हिज्युअल पर्यायातच मिळते. हा पर्याय कोणाच्या तरी सल्ल्याने आधीच बदलला असेल, तर पुढची चाचणी फसेल आणि कारण सापडणार नाही.

पार्श्वभूमीचा आयत स्वतंत्र लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवून त्या लेयरला कुलूप लावावे आणि चित्रासाठी दुसरा लेयर घ्यावा. एवढे केले नाही, तर कोयरी उचलायला जावे आणि हाती पार्श्वभूमी यावी, असे दर मिनिटाला होते.

कोयरी आणि फूल

वर्तुळाच्या साधनाने, कंट्रोल दाबून धरून, एक वर्तुळ काढावे आणि कंट्रोल + शिफ्ट + सी दाबून त्याचे पाथमध्ये, म्हणजे बिंदू ओढून घडवता येणाऱ्या रेषेत, रूपांतर करावे. आता नोडच्या साधनाने पाहिल्यास वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असे चार नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू, दिसतील. वरचा नोड निवडून वर आणि किंचित उजवीकडे ओढावा, शिफ्ट + सी दाबून तो टोकदार करावा, आणि मग त्याच्या दोन हँडलांपैकी (नोडमधून निघणाऱ्या, रेषेचे वळण ठरवणाऱ्या दांड्यांपैकी) एक आखडते घेऊन दुसरे असे वळवावे की टोक आतल्या बाजूला झुकेल. कोयरीचा सगळा डौल या एका नोडमध्ये असतो. बाकीच्या तिघांना हात लावू नये. नवे नोड घालत गेले की रेषेला पोचे येतात.

आतल्या समांतर रेषेसाठी कंट्रोल + डीने कोयरीची प्रत घ्यावी आणि पाथ मेनूतील इनसेट ही आज्ञा चार-सहा वेळा द्यावी. बाह्यरेषा वापरल्या असतील, तर शेवटी त्यांना स्ट्रोक टू पाथ ही आज्ञा देऊन भरीव आकारांत बदलावे. हे टाळले, तर पुढे कोयरी लहान-मोठी करताना रेषेची जाडी कधी बदलते आणि कधी बदलत नाही, कारण ते वरच्या पट्टीतील एका लहानशा बटणावर अवलंबून असते. अर्थात भरीव आकार झाल्यावर रेषा पुन्हा सहजपणे बदलता येत नाही, म्हणून मूळ कोयरीची एक प्रत कागदाबाहेर, दूरवर ठेवून द्यावी.

सगळे भाग निवडून कंट्रोल + जीने गट करावा आणि गटाची रुंदी १४०, उंची १९० करावी. फुलाचे वर्णन करीत बसत नाही. पाच पाकळ्या, मध्ये एक ठिपका, एकूण माप ६० बाय ६०, आणि त्याचाही गट.

कड ओलांडणारे आकार

आता खरे काम सुरू होते, आणि ते नेहमी कडेपासूनच सुरू करावे. मधला भाग आधी भरून घेणाऱ्याला शेवटी कडेवर चार रिकाम्या पट्ट्या उरतात, त्यांत काहीतरी कोंबले जाते, आणि सांधा आकड्यांनी नीट जुळलेला असूनही टाइलची चौकट लांबून ओळखू येते.

पहिली कोयरी डाव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवू. वरच्या पट्टीत एक्स −७० आणि वाय −९५ भरले की तिचा मध्य नेमका कोपऱ्यावर येतो. तिचा चौथाच भाग कागदावर आहे. उरलेले तीन भाग शेजारच्या तीन टाइलींत जातात. म्हणून त्या तीन टाइलींतून आपल्या टाइलीत येणारे तुकडेही आपणच ठेवायचे. कोपऱ्यावरील आकाराला एकूण चार जागा लागतात. बहुतेक नवशिके दोन ठेवतात, एक उजवीकडे आणि एक खाली, आणि तिरक्या बाजूचा चौथा कोपरा विसरतात.

यासाठी कोयरी निवडून ऑल्ट + डी दाबावे. याने क्लोन तयार होतो, म्हणजे मूळ आकाराशी बांधलेली प्रत. क्लोन मुळाच्या बरोबर वर बसतो, त्यामुळे पडद्यावर काहीच घडल्यासारखे वाटत नाही. तरी तो तयार झालेला असतो आणि निवडलेलाही असतो. आता कंट्रोल + शिफ्ट + एम दाबून ट्रान्सफॉर्म पटल उघडावे, मूव्ह हा भाग निवडावा, रिलेटिव्ह मूव्ह या पर्यायावर खूण असल्याची खात्री करावी, आडव्या चौकटीत ६०० आणि उभ्या चौकटीत ० भरून अप्लाय दाबावे. क्लोन उजव्या वरच्या कोपऱ्यावर जाईल. पुन्हा मूळ कोयरी निवडावी, क्लोन घ्यावा, या वेळी आडवे ० आणि उभे ६०० द्यावे. तिसऱ्या वेळी दोन्ही चौकटींत ६००. शेवटी प्रत्येकीवर टिचकी मारून पट्टीतील आकडे वाचावेत. मूळ −७० आणि −९५ वर आहे, तर बाकीच्या तिघी अनुक्रमे ५३० आणि −९५, −७० आणि ५०५, ५३० आणि ५०५ वर असल्या पाहिजेत. कोठे ५२९.८७ दिसले, तर तो क्लोन पटलाने नव्हे, माउसच्या धक्क्याने सरकलेला आहे. तो पुसून नव्याने करावा.

साध्या प्रतीऐवजी क्लोन घेण्याचा फायदा पुढे समजतो. मूळ कोयरीचा रंग बदलला, तिच्या आत एक ठिपका घातला किंवा ती थोडी फिरवली, की तिन्ही क्लोन तसेच बदलतात. मूळ सरकवले, तर इंकस्केपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लोनही तेवढेच सरकतात, त्यामुळे त्यांच्यातले ६०० चे अंतर अबाधित राहते. म्हणजे सांधा एकदा जुळवला की मांडणी नंतर मनासारखी हलवता येते. एक पथ्य मात्र पाळावे लागते, ते म्हणजे हलवायचे ते फक्त मूळ, क्लोन कधीच नाही. कोणता आकार मूळ आहे हे विसरले असेल, तर कोणताही क्लोन निवडून शिफ्ट + डी दाबावे, मूळ निवडले जाते.

फुलांचे काम याच पद्धतीने, पण सोपे आहे. एक फूल डाव्या कडेवर एक्स −२२, वाय २५५ वर ठेवावे. त्याचा एकच क्लोन आडवा ६०० सरकवला की तो ५७८ वर जातो. दुसरे फूल वरच्या कडेवर एक्स २८५, वाय −३८ वर ठेवून त्याचा क्लोन उभा ६०० सरकवावा, तो ५६२ वर जाईल. येथे फुले कडेवर अर्धी-अर्धी न कापता जाणूनबुजून कमी-जास्त कापली आहेत. अगदी मध्यावर कापलेले आकार रांगेत उभे राहिल्यासारखे दिसतात, आणि नक्षीला शाळेच्या आलेखवहीचे रूप येते.

कड ओलांडली आहे की नाही, हे आकाराच्या माथ्याकडे पाहून ठरवू नये. एखाद्या पानाचे टोक एकच पिक्सेल बाहेर गेलेले असते, साध्या झूमवर ते दिसतही नाही, आणि छापल्यावर त्या पानाचे टोक सपाट कापलेले निघते. चारही कडांवर ८०० टक्क्यांपर्यंत झूम करून एकदा फेरफटका मारावा. जो आकार कडेला नुसता टेकला आहे, तो एकतर चांगला चार-पाच पिक्सेल आत घ्यावा किंवा ठळकपणे बाहेर काढून त्याचा क्लोन करावा.

मधला भाग

मधली कोयरी क्लोन न करता कंट्रोल + डीने घेतलेली स्वतंत्र प्रत असावी, म्हणजे ती हवी तशी फिरवता येते. ती एक्स २३०, वाय २०५ वर ठेवली की टाइलच्या मध्यावर येते. एच दाबून ती आडवी उलटवली, तर एका ओळीतल्या कोयऱ्या डावीकडे आणि पुढच्या ओळीतल्या उजवीकडे पाहू लागतात. कोपऱ्यावर एक आणि मध्ये एक अशा मांडणीत प्रत्येक उभी रांग शेजारच्या रांगेपेक्षा अर्ध्या अंतराने खाली उतरलेली असते. कापड-छपाईत याला हाफ ड्रॉप म्हणतात. रांगा उघड्या पडू नयेत यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी युक्ती हीच आहे, आणि चौकोनी टाइलमध्ये ती इतक्या सहज मिळते, म्हणून सरावाला ही नक्षी निवडली.

उरलेल्या मोकळ्या जागेत लहान पाने आणि ठिपके घालावेत. ते कडेपासून दूर असल्याने त्यांचे क्लोन लागत नाहीत. सगळी जागा भरण्याचा मोह येथे आवरावा. किती भरायचे ते या टप्प्यावर कळतच नाही, ते चाचणीत कळते.

कातरणे आणि चाचणी

फाइल आहे तशी साठवून, सेव्ह अॅजने वेगळ्या नावाची दुसरी फाइल करावी. पुढचे सगळे काम या दुसऱ्या फाइलीत होईल. पहिली फाइल दुरुस्तीसाठी राखून ठेवायची आहे.

दुसऱ्या फाइलीत पार्श्वभूमीच्या लेयरचे कुलूप काढावे, कंट्रोल + ऑल्ट + ए दाबून सर्व लेयरवरचे सर्व काही निवडावे आणि गट करावा. कागदाबाहेर ठेवलेली जादा कोयरी त्यापूर्वी या फाइलीतून पुसावी. मग नवा आयत काढून त्याला पुन्हा ०, ०, ६००, ६०० हे आकडे द्यावेत. त्याचा रंग कोणताही चालेल, पण बाह्यरेषा नको. हा आयत सर्वांत वर असताना तो आणि गट दोन्ही निवडावेत, ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप आणि मग सेट क्लिप ही आज्ञा द्यावी. कागदाबाहेर लोंबणारे सर्व भाग दिसेनासे होतील. निवडलेल्या टाइलची रुंदी आणि उंची पट्टीत बरोबर ६०० दिसली पाहिजे. दिसत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

टाइल निवडलेली असताना एडिट मेनूतील क्लोन या उपमेनूतून क्रिएट टाइल्ड क्लोन्स उघडावे. पटलावरील रीसेटचे बटण आधी दाबावे, कारण मागच्या वापरातील सेटिंग तेथे तशीच टिकून असते. सिमेट्रीच्या यादीत पी-१ म्हणजे साधी सरळ पुनरावृत्ती निवडावी, ओळी ३ आणि स्तंभ ३ ठेवून क्रिएट दाबावे. आता प्रत्येक जोडावर झूम करून पाहावे. कोयरीचे चारही तुकडे एकमेकांना बिनधक्क्याचे भिडले असतील, तर आकड्यांचे काम संपले.

त्याच यादीत पी-१ पासून पी-६-एमपर्यंत एकूण १७ नावे आहेत. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पसरणाऱ्या नक्षीच्या सममितीचे नेमके १७ प्रकार होतात, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ येव्हग्राफ फेदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले होते, आणि इंकस्केपच्या यादीत ते सगळेच्या सगळे आहेत. एखादी साधी वेलांटी काढून तिला पी-४-एम किंवा पी-६ लावून पाहणे हा वेळ घालवण्याचा उत्तम मार्ग आहे. पण ज्या टाइलच्या कडा वरीलप्रमाणे जुळवल्या आहेत, तिला पी-१ खेरीज दुसरे काही लावू नये. आरसा किंवा फिरवणे आले की जुळवलेल्या कडा भलत्याच कडांसमोर येतात.

आता डोळ्याचे काम. झूम इतका कमी करावा की नऊ टाइली मिळून तळहाताएवढ्या दिसतील, आणि डोळे किलकिले करून पाहावे. जवळून न दिसलेल्या गोष्टी येथे वर येतात. दोन कोयऱ्यांमधल्या मोकळ्या जागा एकमेकींना जोडून तिरके पट्टे तयार झालेले असतात, किंवा एखादे लाल फूल इतके उठून दिसते की नक्षीत फक्त लाल ठिपक्यांची जाळी उरते. पट्टा दिसला की नवशिका त्यात आणखी ठिपके भरतो, आणि पट्टा ठिपक्यांचा होतो. त्याऐवजी जवळचे पान २०-३० अंशांनी फिरवून त्याचे टोक त्या मोकळ्या जागेत शिरेल असे करावे. उठून दिसणाऱ्या आकाराचा रंग पार्श्वभूमीच्या एक पाऊल जवळ न्यावा, किंवा तो रंग टाइलमध्ये आणखी एके ठिकाणी, मूळ जागेपासून तिरका, वापरावा. दुरुस्ती पहिल्या फाइलीत करावी आणि कातरण्यापासूनच्या पायऱ्या पुन्हा कराव्यात. हे कंटाळवाणे वाटते, पण चांगल्या नक्षीवरचा बहुतेक वेळ याच फेऱ्यांत जातो, कोयरी काढण्यात नाही.

नक्षीची दिशाही येथेच तपासावी. सगळ्या कोयऱ्यांची टोके वर असतील, तर ती एकदिश नक्षी झाली. साडीला ती शोभते. पण कुर्ता किंवा परकर शिवणाऱ्याला असे कापड उलटे लावता येत नाही आणि ते जास्त लागते. शिवणकामासाठी कापड असेल, तर काही कोयऱ्या उलट्या करून दोन्ही बाजूंनी चालेल अशी नक्षी करणे हा ग्राहकावर उपकार आहे.

पॅटर्न म्हणून वापरणे

चाचणीचे क्लोन त्याच पटलातील रिमूव्ह बटणाने काढून टाकावेत. मग कातरलेली टाइल निवडून ऑब्जेक्ट मेनूतील पॅटर्न, ऑब्जेक्ट्स टू पॅटर्न ही आज्ञा द्यावी. टाइलच्या जागी आता पॅटर्न भरलेला आयत आलेला असतो, आणि फिल अँड स्ट्रोक पटलातील पॅटर्नच्या यादीत आपली नक्षी दिसू लागते. कोणताही आकार काढून त्यात ती भरता येते. नक्षीचा आकार लहान-मोठा करायचा असेल, तर नोडचे साधन घेऊन पॅटर्नच्या हँडलांनी ओढावे. जुलै २०२३ मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीपासून याच पटलात प्रमाण, कोन आणि दोन टाइलींमधील अंतर आकड्यांनी भरता येते.

या टप्प्यावर बहुतेकांना धक्का बसतो. भरलेल्या आकारात टाइलींच्या जोडांवर केसाएवढ्या बारीक फिकट रेघा दिसतात. आकडे बरोबर असतील, तर हा आपल्या नक्षीचा दोष नाही. टाइलची कड पडद्यावरील पिक्सेलच्या मध्येच आली की सॉफ्टवेअर त्या पिक्सेलला दोन्ही बाजूंनी अर्धवट रंग देते, आणि दोन अर्धवट रंग मिळून पूर्ण रंग होत नाही, मागचा पांढरा थोडा झिरपतो. खात्री करून घेण्यासाठी झूम बदलावा. रेघा जागा बदलत असतील किंवा नाहीशा होत असतील, तर त्या पडद्याच्या आहेत. प्रत्येक झूमवर एकाच जागी राहणारी रेघ मात्र खरी समजावी आणि पार्श्वभूमीच्या आयताची बाह्यरेषा व माप पुन्हा पाहावे. आकारात भरलेली नक्षी अंतिम कामासाठी द्यायची असेल, तर त्या आकाराच्या मागे पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक साधा आकार ठेवावा, म्हणजे जे झिरपते ते त्याच रंगाचे असते.

एक्स्पोर्ट करताना

छापखान्याला किंवा ऑनलाइन छपाई करणाऱ्याला सामान्यतः एकच टाइल पीएनजी स्वरूपात द्यावी लागते. कंट्रोल + शिफ्ट + ई दाबून एक्स्पोर्ट पटल उघडावे आणि पेज हा पर्याय निवडावा. येथे डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल यावेत त्या, आकड्याने चांगली नक्षी बिघडू शकते. इंकस्केपमध्ये एका इंचात ९६ पिक्सेल धरलेले असतात, म्हणजे आपली ६०० पिक्सेलची टाइल सव्वासहा इंचांची आहे. ती ३०० डीपीआयला काढली, तर १८७५ पिक्सेल होतात, काही बिघडत नाही. तीच १५० डीपीआयला काढली, तर ९३७.५ येतात, अर्धा पिक्सेल अस्तित्वात नसतो, सॉफ्टवेअर तो कोठेतरी जिरवते, आणि एवढ्या कष्टाने जुळवलेल्या सांध्यावर रेघ येते. सरावासाठी ६०० हा आकडा हिशेबाला सोपा म्हणून घेतला. छपाईच्या कामासाठी टाइल पूर्ण इंचांत धरावी. ५७६ पिक्सेल म्हणजे सहा इंच, आणि त्याचे १५० डीपीआयला ९०० व ३०० डीपीआयला १८०० पिक्सेल होतात. टाइलचे माप बदलले की ट्रान्सफॉर्म पटलातील ६०० च्या जागी ५७६ वापरावे लागेल, हे वेगळे सांगायला नको.

कापड रोटरी स्क्रीनवर, म्हणजे फिरत्या दंडगोलाकार जाळीने, छापले जाणार असेल, तर माप आपल्या हातात राहत नाही. स्क्रीनचा दंडगोल एकदा फिरला की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून टाइलची उंची त्याच्या परिघाला पूर्ण भागणारी असावी लागते. प्रचलित परीघ ६४० मिलिमीटर आहे. त्यात ३२०, १६०, १२८ किंवा ८० मिलिमीटरची टाइल बसते, १५० ची बसत नाही. काम सुरू करण्याआधीच हा परीघ विचारून घ्यावा. या छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते, त्यामुळे रंगांची संख्याही तेव्हाच ठरवावी. डिजिटल छपाईत ही दोन्ही बंधने नाहीत.

पार्श्वभूमीत ग्रेडियंट घालू नये. डावीकडे गडद आणि उजवीकडे फिका असा रंग टाइलच्या आत कितीही देखणा वाटला, तरी जोडावर फिक्याशेजारी गडद येतो आणि उभे पट्टे पडतात. एखाद्या कोयरीच्या आत ग्रेडियंट चालतो, कारण क्लोनमध्ये तो तसाच येतो.

इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ वापरणाऱ्यांसाठी

इलस्ट्रेटर या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून ऑब्जेक्ट मेनूत पॅटर्न, मेक ही सोय आहे. आकार कडेबाहेर ठेवला की समोरच्या कडेवरची प्रत सॉफ्टवेअर आपोआप दाखवते, आणि टाइल टाइप या यादीतून ग्रिड, ब्रिक किंवा हेक्स अशी मांडणी निवडता येते. हाफ ड्रॉपसाठी ब्रिक बाय कॉलम घ्यावे. तयार पॅटर्न स्वॉचेस पटलात जातो. तेथून तो कागदावर ओढून आणला की मूळ आकार आणि त्यांच्यामागे टाइलच्या मापाचा एक अदृश्य आयत मिळतो. सोय उत्तम आहे, पण ती वापरणाऱ्याला छापखान्यातून फाइल परत आली की दुरुस्ती कोठे करायची ते कळत नाही, म्हणून वरील आकड्यांची पद्धत एकदा तरी हाताने करून पाहावी, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत अजूनही भरपूर वापरल्या जाणाऱ्या कोरलड्रॉमध्ये ट्रान्सफॉर्म डॉकरमधील पोझिशन या भागात सापेक्ष अंतर आणि प्रतींची संख्या १ देऊन हेच काम होते. तेथे उभे अंतर खालून वर मोजले जाते, म्हणून आकार खाली न्यायचा तर उणे चिन्ह लावावे. आणि कातरण्याचे काम पॉवरक्लिप करते.

छपाईला देताना टाइलबरोबर तिचे माप, डीपीआय आणि रिपीटचा प्रकार लिहून द्यावा. आपल्या कोयरीच्या टाइलमध्ये हाफ ड्रॉप आतच बांधलेला आहे, म्हणून तिच्यासोबत साधा सरळ रिपीट असे स्पष्ट लिहावे. ऑपरेटरने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हाफ ड्रॉप पुन्हा लावला, तर प्रत्येक दुसरी रांग अर्ध्या टाइलने घसरते आणि कोपऱ्यावरच्या कोयरीचे चार तुकडे चार दिशांना जातात. नऊ टाइलींच्या चाचणीचे एक लहान चित्रही सोबत जोडावे, म्हणजे कापड मशीनवर चढण्याआधी ऑपरेटरला काय दिसायला हवे ते ठाऊक असेल.